मंगळवारचा शेक

मंगला, मंडळाची माणसं काल पुन्हा येऊन गेली. गणपतीच्या पुस्तिकेत तुझ्यासाठी एक पान सोडलंय त्यांनी. वर तुझा फोटो, त्यावर मोठ्या अक्षरात ‘बाजाराची वाघीण’, आणि खाली मी लिहायचं. काय लिहायचं तेही सांगून गेले. “काका, जास्त नको. वयनींनी नारळावर हात ठेवून शपथ घेतली आणि मरेपर्यंत त्या कॉफीवाल्याच्या दारात पाय ठेवला नाय, एवढं आलं पायजे.”

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनी बघितलं नाही.

पाय ठेवलास तू. मंगळवारी मंगळवारी ठेवलास. हे मला ठाऊक आहे, माझ्या बहिणीला ठाऊक आहे आणि बोईसरच्या एका बाईला ठाऊक आहे. आता पुस्तिकेत खरं लिहू की खोटं, एवढंच माझ्यापुढे आहे. तू असतीस तर तुलाच विचारलं असतं. पण तू असतीस तर मला हे कळलंच नसतं.

माझी शाळा चौथीत सुटली. लिहायचं म्हटलं की हात दुखतो. तरी लिहितो, कारण तोंडानं बोलायला गेलो तर शिवीच येईल, आणि मेलेल्या माणसाला शिवी देत नाहीत म्हणे.

तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून सांगतो. पालघर जिल्ह्याचं गाव झालं आणि स्टेशन रोडची हवा फिरली. साहेबलोक आले, बिल्डिंगी आल्या. एका मालकानं कासाराचं, सायकलवाल्याचं आणि भुसाराचं अशी तीन दुकानं मोडून एक केलं आणि कॉफीवाल्या कंपनीला दिलं. काचेचं दार, आत गारवा. कुठंही जा, तीच पाटी आणि त्याच खुर्च्या. आम्ही चहावाले, वडेवाले, रसवाले आधी हसलो. असल्या महाग कडू पाण्याला कोण जाणार? सगळे गेले. कॉलेजची पोरं गेली, कचेरीतले गेले. ज्या वकिलाला वीस वर्षं आपल्या आल्याच्या चहाशिवाय कोर्टाची पायरी चढता यायची नाही, तोही गेला. जाताना आपल्या टपरीकडे बघायचा नाही, मोबाइल कानाला लावायचा.

पण भांडण कॉफीवरून झालंच नाही. भांडण पायरीवरून झालं. भुसाराच्या दुकानाच्या पायरीवर सकाळी शिरगावच्या कोळणी पाट्या घेऊन बसायच्या. तुझ्या माहेरच्या बाया. तुला आत्या म्हणायच्या. कंपनीनं त्या पायरीवर काटेरी झाडांच्या कुंड्या मांडल्या. कुणाला ऊठ म्हटलं नाही, फक्त बसायला जागा ठेवली नाही.

तू पदर खोचून गेलीस. मी मागे होतो, गाळणं हातात तसंच. दारातल्या पोराला म्हणालीस, “हे काय लावलंय?”

“आंटी, डेकोरेशन है।”

“तुज्या डेकोरेशनवर तूच बसून दाखव. बस. बघूया कोण आदी उठतं.”

सगळा रस्ता हसला. तो पोरगाही हसला. कुंड्या मात्र हलल्या नाहीत.

मग संध्याकाळी मारुतीच्या देवळात नारळ ठेवला. सगळ्या बाजारानं हात ठेवले, की आपल्यातला कुणी, त्याची बायको, त्याची पोरं, त्या पाटीखाली जाणार नाहीत. पालघरात नाही, विरारला नाही, कुठंच नाही. मी बोललो ते सगळे विसरले. तू बोललीस ते अजून लोकांच्या तोंडी आहे. “जो त्या दारात पाय ठेवील त्याचा पाय सडंल.” इतकं कडक मीही बोललो नसतो. गुडघा तर तुझाच दुखत होता.

त्या गुडघ्याचंच घे. पाऊस संपल्यावर म्हणालीस, बोईसरला एक डॉक्टर यंत्रानं शेक देतो, दर मंगळवारी जायला लागेल. मी म्हटलं, जा. मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक कमीच असतं. तू लुगडं बदलून, केस सारखे करून एसटीला उभी राहायचीस. शेक घ्यायला कुणी केस सारखे करतं का, असं माझ्या मनात आलं नाही. संध्याकाळी परत यायचीस तेव्हा चाल हलकी असायची. म्हणायचीस, “चांगला लागतोय.” मी बाजारभर त्या शेकाचं कौतुक केलं. रसवाल्याला सांगितलं, तुझ्या आईला पाठव. तो पत्ता मागायला आला तेव्हा तू म्हणालीस, “तो डॉक्टर म्हाताऱ्या बायांना घेत नाय.”

“मग तू कोण?” रसवाला म्हणाला.

“मी वाघीण,” म्हणालीस. दोघेही हसलो आम्ही. मीही हसलो, मंगला.

तू गेलीस तीही उभ्यानंच. सकाळचं पहिलं आधण, चहा पावडर टाकलीस, झाकणाला हात लावलास आणि खाली आलीस. कपाळावर कुंकू होतं. बाया म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली. तुझं भाग्य ते माझं काय, हे कुणी विचारलं नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं. कावळे होते, झाडावर बसून बघत होते. मी म्हटलं, टपरी बंद करणार नाही. नाही आला. म्हटलं, तुझ्या भावाशी बोलणं चालू करतो. नाही आला. मग बाजारातली माणसं एकेक पुढे झाली. “वयनी, त्या कॉफीवाल्याला पालघरातनं उठवल्याशिवाय आमी ऱ्हाणार नाय.” ते ऐकून झाडावर होते ते कावळेही उडून गेले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. मला वाटलं, माझ्यावरच रागावली असणार, तिला काय हवं ते मला कधी ओळखता आलं नाही. तेव्हा नुसतं वाटलं होतं.

त्यानंतर आठवड्यानं एक बाई दारात आली. तिशीपस्तिशीची, हातात केळी. चप्पल बाहेर काढून उभी राहिली. “मथुरा आजींचं घर ह्येच ना?”

मी म्हटलं, “ह्येच.” तुझ्या दिवसकार्यासाठी माझी धाकटी बहीण वाडा गावाहून आलेली, ती आत तांदूळ निवडत होती. तिचं नाव मथुरा. मी हाक मारली, “मथे, तुला भेटायला आलंय कोणतरी.”

मथी बाहेर आली. त्या बाईच्या हातातली केळी खालीच पडली. “ह्या नव्हं,” ती म्हणाली. “मी... स्टेशनाजवळच्या श्रद्धांजलीच्या फलकावर फोटो बगितला म्हणून आली. नाव येगळंच होतं, पण फोटो त्यांचाच. त्या आजी. त्या गेल्या ना?”

“फलकावरची माझी बायको,” मी म्हटलं. “तिचं नाव मंगला. तुमचं घर चुकलंय बाई.”

घर चुकलंय, असं मी सांगितलं तिला. आपल्याच दारात उभं राहून.

ती चप्पल घालायला लागली. तेव्हा मथी बोलली. “थांब गं. घर चुकलं नाय तुजं. दादा, वयनीचं माहेरचं नाव काय होतं?”

मला आठवलं नाही. खोटं कशाला सांगू? इतक्या वर्षांत कुणी घेतलंच नव्हतं ते. तुझे आईबाप गेले, भाऊ तुला बायच म्हणायचा.

“मथुरा होतं,” मथी म्हणाली. “माजंच नाव. एका घरात दोन मथुरा नको म्हणून आयनं तिचं काढून घेतलं. हाक मारली तर दोघी येतील म्हणाली.”

मग सगळं डोळ्यांपुढे आलं. लग्नाचा दिवस, परातीत तांदूळ, माझ्या बोटात अंगठी. नवऱ्यानं तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं. आईनं चार नावं सुचवली होती. त्यातलं मला चटकन लिहिता येईल असं एकच होतं, त्यात जोडाक्षर नव्हतं. मंगला. लिहिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू खाली बघत होतीस. मी काय वेगळं केलं गं? सगळे करतात तेच केलं. पुढे टपरी टाकली तर पाटीवरही तेच रंगवलं, ‘मंगला टी स्टॉल’. सगळ्या स्टेशन रोडवर एवढं एकच दुकान होतं ज्यावर बायकोचं नाव. मी छाती काढून सांगायचो. तू कधी म्हणाली नाहीस, की ते माझं नाव नाही.

ती बाई म्हणजे सुनंदा. विक्रमगडकडची, बोईसरला त्याच पाटीच्या कॉफीवाल्याकडे मशीनवर उभी असते. ओट्यावर बसली आणि सांगत गेली. आजी मंगळवारी यायच्या. पहिल्या वेळी गल्ल्यावरच्या पोरानं नाव विचारलं. तिथं पेल्यावर नाव लिहितात आणि कॉफी झाली की पुकारतात. आजी खूप वेळ गप्प राहिल्या. पोरगा म्हणाला, “आंटी, कुछ भी नाम बोलो।” तेव्हा मथुरा म्हणाल्या.

“दर वेळी कॉफीच प्यायची?” मी विचारलं.

“हो. मी म्हटलं, आजी, चहा पण हाय आमच्याकडं. तर म्हणाल्या, चहा घरी हाय.”

“आवडायची तिला?”

“नाय हो. कडू जहर हाय म्हणायच्या. साखरेच्या पुड्या टाकत बसायच्या.”

“मग कशाला यायची?”

सुनंदा मथीकडे बघायला लागली. मग म्हणाली, “नाव पुकारलं की त्या उठायच्या नाय. ऐकू येत नाय असं वाटायचं मला. दुसऱ्यांदा पुकारलं की हसायच्या, मग उठायच्या. दर वेळेला. मग मी पयल्यापासूनच दोनदा पुकारायला लागले.”

“कुठं बसायची?”

“कोपऱ्यात. रस्त्याकडं पाठ करून.”

ती गेल्यावर मथीनं केळी उचलून ताटलीत ठेवली. मी म्हटलं, “तुला म्हाईत होतं?”

“नाव म्हाईत होतं. कॉफी नाय.”

“मग एवढ्या वर्सांत बोलली का नाय?”

“दादा, माज्या नावावरनं तिचं गेलं. मी कुठल्या तोंडानं बोलू? आणि तू तरी कुटं इचारलं?” ताटली आत नेता नेता म्हणाली, “आता जाऊ दे. झाकून ठेव. बाजारात तोंड दाखवायचंय तुला.”

झाकून ठेवायला बसलो, तेव्हापासून झोप नाही. मला सांग, त्या कुंड्यांजवळून तू आत गेलीस कशी? बोईसरलाही त्यांनी पायरीवर कुंड्याच मांडल्यात, तीच काटेरी झाडं. तुझ्या माहेरच्या बायांना ज्यांनी उठवलं, त्यांच्याच गारव्यात जाऊन बसलीस? माझं सोड. मला फसवलंस, ठीक. पण त्या पोरी आता आपल्या टपरीच्या बाजूला गटारावर फळी टाकून बसतात आणि तुझ्या नावानं गळा काढतात. “आत्या आमच्यासाटी भांडली.” मी ऐकतो आणि आधणात बघत राहतो.

खुर्चीचं भांडणही आठवतं. तू म्हणायचीस, दोन खुर्च्या ठेवूया, पाठ टेकायच्या. मी म्हणायचो, उभं गिऱ्हाईक चहा पितं आणि जातं, बसलं की धंदा बसतो. तू म्हणायचीस, “एक तरी ठेवा.” मी म्हणायचो, “एक कुणासाटी?” तू कपबशा विसळायला लागायचीस. माझं म्हणणं धंद्याच्या हिशेबानं बरोबरच होतं, अजूनही तेच म्हणतो. पण त्या कंपनीकडे बघ. तिथं माणसं तासनतास बसतात आणि त्यांचा धंदा उभा आहे. हे मला कधी समजलं नाही. तुला समजलं होतं का? मग माझ्याशी भांडायचं होतंस. तू तर भांडायला कधी मागे सरली नव्हतीस.

टाळेबंदीत तारापूरच्या कंपन्यांतले कामगार रेल्वेच्या रुळांकडेनं चालत सुरतेच्या बाजूला निघाले होते. पोलीस कुणाला बाहेर पडू देत नव्हते. तू घरच्या शेगडीवर पातेलं चढवलंस आणि किटली घेऊन मागच्या वाटेनं गेलीस. मी म्हटलं, धरतील तुला. म्हणालीस, “धरू द्या, तिथं पण चहा करीन.” एका माणसानं तुला विचारलं होतं, माँ, तुम्हारा नाम क्या है, देवाजवळ घेईन. तू घरी येऊन मला सांगितलंस, की त्यानं नाव विचारलं. काय सांगितलंस ते सांगितलं नाहीस. आता वाटतं, त्या परमुलखातल्या माणसाला ठाऊक असेल, आणि मला नाही.

दिवसातून किती वेळा मी तुला हाक मारली असेल. मंगे, दूध बघ. मंगे, दोन कटिंग. मंगे, आलं संपलं. एकदाही तू दुसऱ्या हाकेसाठी थांबली नाहीस. पहिल्याच हाकेला यायचीस. मला त्याचाही गर्व होता.

एकदा सांगायचं होतंस. अहो, मला मथे म्हणा. मी म्हटलं असतं? खरं सांगतो, नसतं म्हटलं. म्हणालो असतो, या वयात काय खूळ, पाटी कोण रंगवून देणार. तू रुसली असतीस, मी ओरडलो असतो, दोन दिवस चहा बिघडला असता. पण ते भांडण माझं असतं. ते तू माझ्याशी केलं नाहीस. एका गल्ल्यावरच्या पोराला पहिल्याच दिवशी जे दिलंस, ते मला जन्मभर दिलं नाहीस. दुसरा पुरुष असता तर त्याचं मुंडकं तरी पिरगाळलं असतं. पेल्याचं काय पिरगाळू?

काल मंडळाची माणसं गेल्यावर ठरवलं. हे सगळं असंच देणार. ‘वाघीण’ ठेवायचं तर ठेवा, काढायचं तर काढा. बाजाराच्या माणसांनो, माझ्या बायकोनं शपथ मोडली. मीही मोडली, ते खाली लिहितो. नारळ तुमचा, मारुती तुमचा, काय दंड करायचा तो करा. मला बाजाराच्या अध्यक्षपदावरून काढा. माझ्या टपरीवर येऊ नका म्हणालात तरी चालेल. पण ती शपथेला जागली असं खोटं तिच्या फोटोखाली माझ्या हातानं लिहून घेऊ नका. तिच्यावर एक खोटं मी एकदा तांदळात लिहून बसलोय.

परवा मंगळवार होता. दुपारी एसटीनं बोईसरला गेलो. उमरोळीला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं वाटलं. नाही फिरलो. पायरीवरच्या झाडाचा काटा लेंग्याला अडकला, ओढून काढला. आत थंडी वाजली. गल्ल्यावरच्या पोरानं विचारलं, “अंकल, क्या लेंगे?” मी म्हटलं, जी म्हातारी मंगळवारी घ्यायची ती. त्याला कळलं नाही. मागून सुनंदानं बघितलं आणि म्हणाली, “म्हाईत हाय मला.”

“नाम?” पोरानं पेला हातात घेऊन विचारलं.

मी सांगितलं. त्यानं माझ्या मिशीकडे बघितलं आणि लिहिलं.

कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. तिथं बसलो नाही. तिच्यासमोरच्या खुर्चीत बसलो. पाठ टेकली. बरी असते पाठ टेकलेली, एवढं खरं.

“मथुरा!” सुनंदानं पुकारलं.

मी हललो नाही. आजूबाजूची पोरं मोबाइलमध्ये होती. रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलो.

“मथुरा!”

दोनदा पुकारून झालं. तू उठली नाहीस. मग मी उठलो.